थकव्याची जबानी

मनुष्याच्या श्रमाचा हिशेब ठेवण्याची कला जगात फार जुनी आहे. परंतु त्या श्रमाने मनुष्याला येणाऱ्या शिणाचाही हिशेब ठेवावा, ही कल्पना अवघ्या दीडशे वर्षांच्या आतली आहे. किती मण धान्य दळले, किती हात भिंत उठली, किती वार कापड उतरले, यांच्या नोंदी जुन्या दफ्तरांत जागोजाग आढळतात. ते काम करणारा मनुष्य दिवस मावळताना कोणत्या अवस्थेत घरी परतला, याची नोंद मात्र शोधूनही हाती लागणे कठीण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या यंत्राने आणि पुढे विजेच्या दिव्याने दिवस व रात्र यांतील भेद पुसून टाकल्यावर, यंत्र थकत नाही आणि मनुष्य थकतो, ही गोष्ट प्रथम शास्त्रज्ञांच्या, मग कारखानदारांच्या आणि सर्वांत शेवटी सरकारच्या ध्यानी आली, आणि थकवा मोजण्याचे प्रयत्न सुरू झाले. त्या प्रयत्नांच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट दिसते. थकव्याविषयी स्नायूंची साक्ष काढण्यात आली, रक्ताची काढण्यात आली, कातडीची, उत्पादनाच्या आकड्यांची आणि अपघातांच्या नोंदवहीचीही काढण्यात आली. ज्याला प्रत्यक्ष थकवा आला होता त्या कामगाराची जबानी मात्र शास्त्राच्या दरबारी सर्वांच्या मागून दाखल झाली.

या इतिहासाचा आरंभ इटलीतील तुरीन शहरी झाला, असे मानण्यास हरकत नाही. तेथील विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे अध्यापक असलेले आंजेलो मोस्सो हे एका सुताराचे पुत्र. हातांनी राबणाऱ्या माणसांचे जीवन त्यांनी बालपणी घरातच पाहिलेले. १८८४ च्या सुमारास त्यांनी 'एर्गोग्राफ' नावाचे एक उपकरण सिद्ध केले. रचना अगदी साधी होती. माणसाचा हात एका फळीवर उताणा बांधून ठेवावयाचा, तर्जनी आणि अनामिका ही दोन बोटे नळ्यांत अडकवून स्थिर करावयाची, मधले बोट तेवढे मोकळे. त्या बोटाला दोरी, दोरीच्या टोकाला कप्पीवरून सोडलेले सुमारे तीन किलोचे वजन. ठोका देणाऱ्या यंत्राच्या तालावर, दर दोन सेकंदांनी, ते वजन बोट वाकवून उचलावयाचे आणि सोडावयाचे. प्रत्येक उचलीची उंची काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर एका बारीक सुईने ओढली जाई. आरंभीच्या रेषा उंच उमटत, पुढे त्या खुज्या होत जात, आणि अखेरीस अशी वेळ येई की बोट हलविण्याची इच्छा शाबूत असूनही वजन तसूभर वर येत नसे. मनुष्याच्या क्षीण होत जाणाऱ्या शक्तीचा आलेख असा प्रथमच कागदावर उतरला.

मोस्सो यांच्या हाती दोन महत्त्वाची तथ्ये लागली. पहिले असे की, प्रत्येकाच्या थकण्याची रीत त्याच्या हस्ताक्षरासारखी स्वतंत्र असते. त्यांचे दोन सहकारी, अदुक्को आणि माज्जोरा, एकच वजन एकाच तालावर उचलीत. एकाची शक्ती बराच काळ टिकून मग एकाएकी ढासळे, तर दुसऱ्याची आरंभापासूनच सावकाश उतरत जाई, आणि वर्षे लोटली तरी ज्याची त्याची रेषा ओळखू येण्याइतकी तशीच राही. दुसरे तथ्य याहून मार्मिक होते. डॉक्टर माज्जोरा विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन परतले की त्यांचे बोट नेहमीपेक्षा कितीतरी लवकर थके. वस्तुतः परीक्षा घेताना बोटाला कसलेच श्रम पडलेले नसत. मनाचा शीण हाताच्या स्नायूत उतरतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले. थकलेल्या कुत्र्याचे रक्त ताज्यातवान्या कुत्र्याच्या अंगात घातल्यास त्याच्या ठायी थकव्याची चिन्हे दिसू लागतात, असाही प्रयोग त्यांनी केला. १८९१ मध्ये त्यांनी आपले 'ला फातिका', म्हणजे थकवा, हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात सिसिलीतील गंधकाच्या खाणींतून पाठीवर ओझी वाहून वर येणाऱ्या कोवळ्या मुलांच्या हालांविषयी ते मोठ्या कळकळीने बोलले. तथापि या मुलांच्या बोटाला दोरी बांधण्याचा प्रसंग कधी आला नाही. काजळीच्या कागदावर उमटलेल्या रेषा प्राध्यापकांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या होत्या.

मोस्सो यांच्यामागून थकव्याच्या शोधार्थ निघालेल्यांची यादी मोठी आहे. ग्रीसबाख या जर्मन संशोधकाने शाळकरी मुलांच्या कातडीवर कंपासाची दोन टोके टेकवून, ती दोन आहेत हे मुलांना किती अंतरापर्यंत ओळखता येते, यावरून त्यांच्या शिणाचे माप काढण्याचा यत्न केला. वाइखार्ट नावाच्या दुसऱ्या एका संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी थकव्याचे विषच सापडल्याचा डांगोरा पिटला, आणि त्यावर उतारा म्हणून एक द्रव्यही तयार केले. त्या द्रव्याचा फवारा हवेत मारला म्हणजे माणसे न थकता काम करतील, ही आशा काही काळ पुष्कळांना मोहवून गेली, आणि पुढे फोल ठरली. थकवा ही शरीरात दडलेली एखादी वस्तू आहे, ती चिमट्यात धरून तराजूत टाकता येईल, या समजुतीचा तो काळ होता.

ज्या सुमारास तुरीन येथे मोस्सो यांचा एर्गोग्राफ तयार होत होता, त्याच सुमारास मुंबईच्या परळ भागात गिरणीकामगारांच्या सभा भरत होत्या. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तेथे एक अर्ज तयार झाला, आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या व अंगठे केले. लोखंडे यांनी स्वतः गिरणीत भांडारपालाची नोकरी केलेली असल्यामुळे खात्यातील जीवन त्यांना आतून ठाऊक होते. अर्जातील मागण्या पाहाव्या: रविवारी पूर्ण दिवसाची रजा मिळावी, दुपारी अर्ध्या तासाची सुटी मिळावी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा, आणि कामात जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे. यांपैकी पहिल्या तीन मागण्या सर्वस्वी थकव्याच्या आहेत. उजाडण्यापूर्वी भोंग्याच्या हाकेवर घर सोडणाऱ्या आणि कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत दिवसभर साच्यापाशी उभे राहणाऱ्या माणसांनी आपल्या शिणाचे दिलेले ते लेखी निवेदन होते. त्याला आलेखाची जोड नव्हती, म्हणून ते सरकारदरबारी शास्त्रीय पुरावा ठरले नाही. पण विश्रांती केव्हा आणि किती हवी, याचे इतके नेमके मोजमाप त्या वेळी दुसऱ्या कोणाजवळ नव्हते.

पुढे १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्रियाही बोलल्या, आणि त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना ११ तासांची आणि मुलांना ७ तासांची मर्यादा घातली. पुरुषांच्या तासांना मर्यादा नव्हती ती नव्हतीच. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्यास्ताची नैसर्गिक आडकाठीही उरली नाही, आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. त्यावर कामगारांत असंतोष माजला, चौकशीसाठी १९०७ साली मंडळ नेमण्यात आले, आणि त्याच्यापुढे मालकपक्षाने वारंवार मांडलेली सबब अशी की, हिंदी मजूर मन लावून काम करीतच नाही. तो वारंवार साचा सोडून बाहेर जातो, पाणी पितो, विडी ओढतो, झोप काढतो. तेव्हा त्याचे तास दिसतात तितके लांब नसतात. जो मनुष्य चौदा तासांचे ओझे पेलण्यासाठी मधून मधून आपली विश्रांती आपणच चोरून घेत होता, त्याची ती विश्रांतीच त्याच्या आळसाचा दाखला म्हणून पुढे करण्यात आली. वस्तुतः तो आपला थकवा दर दिवशी पावलांनी मोजून दाखवीत होता; वाचणारा कोणी नव्हता. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम १२ तासांवर आणले, तेही मोठ्या कुरकुरीनंतर.

युरोपात याच काळी एका कारखानदाराने निराळ्या वाटेने हा प्रश्न सोडविला होता. येना येथील झाइस या काचभिंगांच्या कारखान्याचे चालक एर्न्स्ट आबे यांचे वडील आयझेनाख गावच्या सूतगिरणीत कामाला होते. दिवसाचे काम चौदा ते सोळा तासांचे आणि जेवणाला सुटी नाही. लहानगा आबे डबा घेऊन जाई, आणि वडील साच्याला टेकून उभ्याउभ्याच जेवण उरकून रिकामे भांडे त्याच्या हाती परत देत. त्या आठवणीचा ठसा आबे यांच्या मनावर कायमचा उमटला होता. १९०० च्या एप्रिलपासून त्यांनी कारखान्यातील कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला, आणि मग एका शास्त्रज्ञाला साजेशा कसोशीने, कामाच्या नगावर मजुरी मिळविणाऱ्या २३३ कामगारांच्या आधीच्या व नंतरच्या वर्षांतील कमाईची तुलना केली. तासागणिक काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढलेले आढळले. म्हणजे एक तास कमी राबूनही दिवसाचे एकूण काम किंचित वाढले होते. गमावलेला तास कोठे गेला, असे विचारणाऱ्यांना आबे यांनी दिलेले उत्तर असे की, शरीराला रोज जितकी झीज होते तितकी रोज भरून निघाली पाहिजे, आणि जो तास ती भरून निघू देत नाही तो तास मालकाच्याही पदरात काही टाकीत नाही.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी याच सुमारास बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात घड्याळ हाती घेऊन मजुरांची हालचाल मोजली. कच्च्या लोखंडाची ९२ पौंडांची लड उचलून फळीवरून वॅगनमध्ये टाकण्याचे काम होते. एक मजूर दिवसाला साडेबारा टन वाहून नेत असे, तो टेलर यांच्या योजनेने साडेसत्तेचाळीस टन नेऊ लागला. हे कसे साधले? टेलर यांच्या गणिताप्रमाणे एवढे जड ओझे वाहणाऱ्याचे हात दिवसातील ४३ टक्केच वेळ ओझ्याखाली असावेत आणि ५७ टक्के वेळ मोकळे राहावेत. म्हणून निवडलेल्या मजुरावर एक मुकादम ठेवण्यात आला, त्याने 'उचल' म्हटले की उचलावयाचे आणि 'बैस' म्हटले की बसावयाचे. विश्रांतीचे महत्त्व टेलर यांनी पूर्णपणे ओळखले होते, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांनीही मान्य केली पाहिजे. परंतु ती विश्रांती घड्याळाच्या हुकमाने मिळत होती. थकलो आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्याचे खांदे दुखत होते त्याला नव्हता, आणि नाही म्हणण्याचा तर नव्हताच.

मग पहिले महायुद्ध आले. ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांच्या कारखान्यांत रात्रंदिवस काम सुरू झाले, रविवारची सुटी रद्द झाली, लक्षावधी स्त्रिया यंत्रांपुढे उभ्या राहिल्या, आणि काही महिन्यांतच तास वाढूनही माल वाढेना असे दिसून आले. १९१५ च्या सप्टेंबरात युद्धसाहित्यमंत्री लॉइड जॉर्ज यांनी सर जॉर्ज न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली युद्धसामग्री कामगारांच्या आरोग्याची समिती नेमली. ऑक्सफर्डचे शरीरशास्त्रज्ञ होरेस व्हर्नन यांनी या समितीसाठी कारखान्यांच्या खातेवह्या महिनोन्महिने तपासल्या. तोफगोळ्याच्या फ्यूजच्या ॲल्युमिनियम-कवचाला आकार देणाऱ्या स्त्रियांचे आठवड्याचे तास साठाच्या वरून पन्नासाच्या आतबाहेर आणले तरी माल घटला नाही, उलट वाढला. आणि बारा तासांच्या दिवसात स्त्रियांना होणारे अपघात दहा तासांच्या दिवसात होणाऱ्या अपघातांच्या सुमारे अडीच पट होते, असे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिले. रविवारच्या कामाला समितीने विरोध केला, तोही धर्माच्या नावाने नव्हे तर मालाच्या हिशेबाने. कायद्याच्या आणि उद्योगाच्या इतिहासात हा मोठाच विजय होता.

तथापि याच समितीने थकव्याची जी व्याख्या स्वीकारली तीत कामगाराच्या अनुभवाला बुद्ध्याच वगळले होते. थकवा म्हणजे काम करण्याच्या शक्तीत झालेली घट. थकल्यासारखे वाटणे ही निराळी गोष्ट असून ती खऱ्या थकव्याची भरवशाची खूण नव्हे, असे समितीचे म्हणणे होते. या म्हणण्याला आधार होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. कंटाळवाण्या कामात शक्ती शाबूत असूनही मनुष्याला शीण वाटतो. उलट सीमेवर लढणाऱ्या भावासाठी गोळे घडविणारी तरुणी उत्साहाच्या भरात आपण थकलोच नाही असे म्हणते, आणि तिचा हात मात्र यंत्रात सापडतो. तेव्हा विचारण्यापेक्षा मोजावे, हा निष्कर्ष त्या काळच्या शास्त्रज्ञांना रास्त वाटला. त्याचा परिणाम असा झाला की, १९१८ मध्ये औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी जे कायमचे मंडळ स्थापन झाले, त्याचे लक्ष बहुतांशी मालाच्या राशीकडे, नासलेल्या नगांकडे आणि अपघातांकडे राहिले.

या मंडळाच्या कामात सहभागी झालेले बर्नार्ड मुशिओ हे मूळचे ऑस्ट्रेलियातील तत्त्वज्ञ. थकवा अचूक मोजणारी एखादी कसोटी शक्य आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि १९२१ मध्ये त्यांनी त्याला जे उत्तर दिले त्याने सगळ्या मोजणाऱ्यांची झोप उडविली. त्यांचे म्हणणे असे: थकवा मोजणारी कसोटी खरी की खोटी, हे ठरविण्यासाठी कोणत्या वेळी थकवा अधिक आहे आणि कोणत्या वेळी कमी, हे आपल्याला दुसऱ्या एखाद्या मार्गाने आधीच ठाऊक असले पाहिजे, आणि थकवा म्हणजे नेमके काय, याविषयीच एकमत नसेल तर तो मार्ग कोठून मिळणार? म्हणून काटेकोर शास्त्रीय चर्चेतून थकवा हा शब्दच हद्दपार करावा आणि थकव्याची कसोटी शोधण्याचा नाद सोडावा, अशी शिफारस त्यांनी केली. मुशिओ १९२६ मध्ये ऐन उमेदीत वारले. त्यांच्या युक्तिवादाला मात्र पुढील पन्नास वर्षे कोणाला पुरते उत्तर देता आले नाही. १९२७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात थकव्याच्याच नावाने एक प्रयोगशाळा उभी राहिली. तेथील संशोधकांनी धावपटूंच्या रक्तातील आम्ल मोजले, उष्ण वाळवंटात धरण बांधणाऱ्या मजुरांच्या घामातील मीठ मोजले, चिलीच्या उंच पर्वतांवर जाऊन विरळ हवेतील श्रम मोजले, आणि १९४७ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा शरीराविषयी अगणित माहिती जमा झालेली होती. सर्व थकव्यांना लागू पडेल असे एकच माप मात्र त्या माहितीत नव्हते.

आशियातही हा शोध चालू होता, आणि तो सूतगिरण्यांतच चालू होता. जपानी डॉक्टर इशिहारा ओसामु यांनी १९१३ मध्ये गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या मुलींची वजने जाहीर केली: रात्रपाळीच्या आठवड्यात घटलेले वजन दिवसपाळीच्या आठवड्यात पुरते भरून येत नाही, आणि या झिजलेल्या देहांवर क्षय झडप घालतो. १९२० साली कुराशिकीचे गिरणीमालक ओहारा मागोसाबुरो यांनी तरुण डॉक्टर तेरुओका गितो यांना मध्यरात्री आपल्या गिरणीत नेले आणि पेंगुळलेल्या मुली साच्यांमधून धावताना दाखविल्या. दुसऱ्याच वर्षी तेथे श्रमविज्ञानाची संस्था स्थापन झाली. मालकाने स्वतःच्या गिरणीतील दुःख स्वतः दाखवून त्याचा अभ्यास करविण्याचे असे उदाहरण विरळा. १९२९ मध्ये जपानात स्त्रियांची रात्रपाळी कायद्याने बंद झाली.

कामगाराला विचारून पाहण्याची वाट अमेरिकेतील एका गिरणीत अभावितपणे सापडली. १९२३ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका कापडगिरणीच्या सूतखात्यातील माणसे टिकत नव्हती. शंभर जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षाला सुमारे अडीचशे माणसे भरती करावी लागत. बक्षिसी योजना अनेक झाल्या, एकही फळली नाही. या प्रश्नाचा अभ्यास करणारे संशोधक एल्टन मेयो यांनी तेथे एक परिचारिका ठेवली आणि तिच्याजवळ कामगार मन मोकळे करू लागले. लांबच लांब गल्लीत पुढेमागे सरकणाऱ्या साच्यांमागून दिवसभर चालणे, तुटलेला धागा जोडणे, शेजारी माणूस असूनही बोलण्यास सवड नसणे. पाय भरून येतात, खांदे अवघडतात, आणि मन खिन्न विचारांच्या आवर्तात सापडते, अशी ती कैफियत होती. सकाळी दोन आणि दुपारी दोन अशी दहा-दहा मिनिटांची विश्रांती सुरू झाली, निजण्यासाठी पोती आणि खाटा आल्या, आणि खाते सुधारले. पुढे मागणीची घाई उसळली तेव्हा देखरेख करणाऱ्यांनी विश्रांती काढून घेतली; थोड्याच दिवसांत माल घटला आणि जुनी खिन्नता परतली. अखेर मालकाने स्वतः हुकूम काढून साचे थांबवून सर्वांनी एकदम विश्रांती घ्यावी असे ठरविले, आणि महिन्याअखेर बक्षिसी पदरात पडू लागली. विश्रांतीने काम होते हे आबे यांनी दाखविलेच होते. येथे नवीन काय ते एवढेच की, विश्रांती कोठे हवी हे कामगाराच्या तोंडून कळले होते.

या तोंडी साक्षीला आकड्याचे रूप देण्याचे काम स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केले. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून ते सायकलीसारख्या यंत्रावर लोकांना बसवून, पावलांवरील भार वाढवीत नेत आणि श्रम किती वाटतात हे विचारीत. त्यांना आढळले की भार दुप्पट झाला म्हणजे श्रमाची जाणीव दुप्पट होऊन थांबत नाही, ती सुमारे तिप्पट होते. वय किंवा आजार यांमुळे शक्ती थोडी उतरली की तेच काम पूर्वीपेक्षा कितीतरी जड का वाटते, याचा उलगडा त्यातून झाला. तेव्हा कुरकुर करणारा प्रौढ मजूर अतिशयोक्ती करतो, हा जुना आरोप पुष्कळ अंशी गळून पडला. बोर्ग यांनी मग ६ पासून २० पर्यंतची एक मोजपट्टी तयार केली. तीत ७ म्हणजे अत्यंत हलके, ११ म्हणजे बेताचे हलके, १३ म्हणजे काहीसे जड, १५ म्हणजे जड, १७ म्हणजे फार जड, १९ म्हणजे अत्यंत जड. आकडे ६ पासून सुरू होण्यामागे योजना होती: निरोगी मनुष्याने सांगितलेल्या आकड्यावर एक शून्य चढविले की त्याच्या हृदयाचे मिनिटातील ठोके अदमासाने मिळावेत. एका फळ्यावर लिहिलेली ही पट्टी माणसासमोर धरावयाची आणि तो बोट ठेवील तो आकडा टिपून घ्यावयाचा, एवढीच सर्व कृती. आणि नाडी मोजली तर त्या बोटाचे म्हणणे बहुधा खरे ठरे. शरीर स्वतःच स्वतःचे मापन अविरत करीत असते, श्वास, स्नायू, सांधे, हृदय या सर्वांकडून आलेल्या वार्ता एकत्र करून एकच निवाडा देते, आणि तो निवाडा मनुष्य शब्दांत सांगू शकतो, हे यातून सिद्ध झाले. मुशिओ ज्या दुसऱ्या मार्गाची मागणी करीत होते तो हाच होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

जपानच्या औद्योगिक आरोग्य परिषदेनेही याच काळात थकव्याच्या स्वानुभवाच्या ३० तक्रारींची एक यादी प्रचारात आणली. दहा तक्रारी सुस्तीच्या: डोके जड होणे, पाय भरून येणे, जांभया येणे, आडवे व्हावेसे वाटणे; दहा मन एकाग्र न होण्याच्या: विचार न सुचणे, चिडचिड होणे, विसर पडणे; आणि दहा शरीराच्या: डोके दुखणे, खांदे आखडणे, कंबर दुखणे. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर कामगाराने स्वतः त्यांवर खुणा करावयाच्या. लक्षावधी खुणा जमल्यावर असे दिसले की अंगमेहनतीच्या कामात तिसऱ्या गटातील तक्रारी वर येतात, तर बौद्धिक कामात व रात्रपाळीत दुसऱ्या गटातील. म्हणजे कामगाराचे सांगणे थकवा किती हे तर सांगतेच, पण कोणत्या जातीचा हेही सांगते. पुढे विमान चालविणाऱ्यांसाठी, रात्रपाळीच्या परिचारिकांसाठी, आगगाडी हाकणाऱ्यांसाठी अशा अनेक पट्ट्या निघाल्या, आणि आज श्रमविषयक अनेक गंभीर चौकशा त्यांचा आधार घेतात.

आपल्या देशात कामाचे तास टप्प्याटप्प्याने उतरले: १९२२ मध्ये दिवसाला ११, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १०, १९४६ मध्ये ९ आणि आठवड्याला ४८, १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच मर्यादा कायम करून पाच तासांच्या सलग कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. मुंबईत शीव येथे असलेल्या केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक शरीरक्रियाशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे. परंतु कायदा तास मोजतो; तो थकवा मोजत नाही. बांधकामावर विटांची पाटी डोक्यावर घेऊन चढणारी स्त्री, उसाच्या फडात पहाटेपासून कोयता चालवून मोळ्या वाहणारे जोडपे, शहरात रात्री उशिरापर्यंत घरोघर माल पोहोचविणारा तरुण, यांच्यापैकी बहुतेकांना तासांच्या मर्यादेचेही संरक्षण प्रत्यक्षात मिळत नाही, आणि तुम्ही किती थकलात हा प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाही.

या इतिहासाचा निवाडा मला स्पष्ट दिसतो. शास्त्राने शंभर वर्षे खर्चून कामगाराच्या जबानीची सत्यता पटवून घेतली; तिच्यावर शंका घेण्यास आता सबब उरलेली नाही. मात्र ही जबानी खरी उतरण्यास एक अट आहे, आणि ती कोणत्याही उपकरणाने पुरी होत नाही. थकलो असे म्हटल्याने ज्याचा रोज बुडेल, पाळी जाईल किंवा मुकादमाच्या डोळ्यांत तो खुपेल, तो मनुष्य मोजपट्टीवर नेहमी खालच्याच आकड्यावर बोट ठेवील, आणि तो आकडा खोटा असेल. म्हणून जे माणसांकडून काम करवून घेतात, मग तो कारखाना असो, ठेका असो किंवा स्वतःचे घर असो, त्यांना माझे विनयपूर्वक सांगणे एवढेच आहे: विचारा, उत्तर निर्भयपणे देता येईल अशी हमी द्या, ते लिहून ठेवा, आणि त्या लेखी नोंदीवर विश्रांती मंजूर करा. विश्रांती पदरात न टाकणारे थकव्याचे मोजमाप कितीही शास्त्रशुद्ध असले तरी ते व्यर्थ होय.